ठिपके की पट्टे? कोल्हापुरात पिंगळा ओळखायला शिकताना

पक्षी बघायचा नाद नव्याने लागलेली मंडळी हमखास विचारतात, "घुबड बघायला कुठल्या जंगलात जाऊ?" माझं उत्तर ठरलेलं असतं. आज दिवेलागणीला आपल्याच गल्लीच्या टोकाला, जुन्या झाडाखाली पंधरा मिनिटं गप्प उभे राहा. कोल्हापूर शहरात आणि भोवतालच्या गावांत जिथे जुना पिंपळ, वड, आंबा, रेन ट्री किंवा पडका वाडा शिल्लक आहे, तिथे पिंगळ्याची जोडी असण्याची शक्यता बरीच आहे. वर्षानुवर्षं ती आपल्या डोक्यावर बसलेली असते आणि आपण खालून गाडी काढून जात असतो.

या लेखात फक्त पिंगळ्यांबद्दल बोलू. म्हणजे साळुंकीएवढी, गोल डोक्याची, डोक्यावर कानासारखे तुरे नसलेली छोटी घुबडं. आपल्या जिल्ह्यात ती दोन प्रकारची भेटतात. पूर्वेकडे उसाच्या पट्ट्यात आणि गावाशहरांत ठिपकेवाला पिंगळा, पश्चिमेला राधानगरी, गगनबावडा, आंबा घाट या बाजूच्या झाडीत जंगली पिंगळा. दोघांना नीट वेगळं ओळखता आलं की घुबडांच्या जगात तुमचा पाय रोवला गेला.

पहिलं काम: एक झाड ठरवा

नवशिक्याची पहिली चूक म्हणजे दर रविवारी नवी जागा. एक दिवस रंकाळा, पुढच्या वेळी पन्हाळा, त्यानंतर दाजीपूर. यादी वाढते, पण ओळख वाढत नाही. पिंगळा हा एका जागी घर करून राहणारा पक्षी आहे. जोडी जमली की तीच ढोली, तीच फांदी, तोच विजेचा खांब. म्हणून आपणही तसंच करायचं. घरापासून चालत जाता येईल असं एक झाड शोधायचं आणि वर्षभर त्यालाच धरून राहायचं.

झाड सापडवायचं कसं? तीन खुणा सांगतो. एक, ढोलीच्या तोंडाखाली खोडावर पांढरे ओघळ. चुना सांडल्यासारखे दिसतात. दुसरी खूण, दिवसाढवळ्या बुलबुल, चिरक, शिंजीर, कोतवाल एका फांदीभोवती जमून कलकलाट करताहेत. छोट्या पक्ष्यांना झोपलेला पिंगळा दिसला की ते त्याला शांत बसू देत नाहीत. सापावरही असाच गलका होतो, तेव्हा पुढे होण्याआधी पायाखाली बघा. तिसरी खूण म्हणजे माणसं. शेतकरी, रात्रपाळीचा वॉचमन, पहाटे दूध घालणारा. त्यांना विचारा. पक्ष्याचं पुस्तकातलं नाव ठाऊक नसलं तरी तो कुठे बसतो हे त्यांना नेमकं ठाऊक असतं.

कळंब्याच्या पुढे एका बांधावर मी दुर्बीण घेऊन तासभर घोटाळत होतो. उसाला पाणी पाजणारे एक काका आले.

"काय हुडकालाय, पाव्हणं?"

"पिंगळा हुडकतोय, काका. ओरडताना ऐकला काल."

"त्यो व्हय? मग तिकडं वर काय बघालाय? ह्या आंब्याच्या खोबणीत हाय की त्यो. थंडीचं दिस हाईत, उनाला रोज भाईर येऊन बसतोय. एकटा न्हाई, दोघं हाईत."

खरंच दोघं होते. ढोलीच्या उंबऱ्यावर अंगाला अंग लावून, डोळे अर्धे मिटून, सकाळचं ऊन खात बसले होते. तासभर मी उंच फांद्या चाळत होतो आणि ते माझ्या डोक्याच्या जेमतेम दोन हात वर होते. तेव्हापासून नव्या जागी गेलो की मी आधी माणसाला विचारतो, मग दुर्बीण काढतो.

हिवाळ्याच्या सकाळी ऊन चढताना ढोलीच्या तोंडाशी नजर ठेवा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सातच्या सुमारास सूर्य उगवतो, त्यानंतरचा तास-दीड तास उत्तम. संध्याकाळी सूर्य बुडाल्यापासून पूर्ण अंधार होईपर्यंतची अर्धा-पाऊण तास चुकवू नका. त्या वेळात ते ढोलीतून बाहेर येतात, अंग झाडतात, एकमेकांची पिसं विंचरतात आणि बोलायला लागतात.

डोकं बघा, बाकी नंतर

दुर्बीण मिळाली तर ८×४२ ची घ्या, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची. महागडी नको, उसनी चालेल. नसली तरी अडत नाही, कारण ठिपकेवाला पिंगळा माणसाला फारसा बुजत नाही.

पक्षी दिसला की बहुतेकांची नजर डोळ्यांवर जाते. ते पिवळेधमक डोळे असतातच तसे. पण डोळे सगळ्याच पिंगळ्यांचे पिवळे, त्यावरून ओळख पटत नाही. नजर मुद्दाम वर न्या, कपाळावर आणि टाळूवर. तिथे काय आहे? बारीक पांढरे ठिपके, की आडवे पट्टे?

ठिपके असतील तर तो ठिपकेवाला पिंगळा. लांबी सुमारे २१ सेंटिमीटर, रंग राखी-तपकिरी. डोक्यावर मोहरीएवढे ठिपके, पंखांवर जरा मोठे. डोळ्यांवर पांढऱ्या भुवया आणि गळ्याशी पांढरा पट्टा, त्यामुळे चेहरा सतत रागावल्यासारखा वाटतो. पोट पांढरट, त्यावर तुटक तपकिरी खुणा. नर-मादी दिसायला सारखे. नुकत्याच उडायला लागलेल्या पिल्लांच्या डोक्यावरचे ठिपके पुसट असतात, म्हणून उन्हाळ्यात एखादा पिंगळा चुकीचा वाटला तर आधी तो पिल्लू तर नाही ना, ते तपासा.

पट्टे असतील तर तो जंगली पिंगळा. हा किंचित लहान, सुमारे २० सेंटिमीटर. डोक्यापासून पाठीपर्यंत आणि छातीवर सगळीकडे बारीक, दाट, आडवे पट्टे, जणू सुरेख विणलेली घोंगडी अंगावर घेतली आहे. पंखांत तांबूस छटा, उडाला की ती चटकन दिसते. भुवया असतात, पण ठिपकेवाल्यासारख्या ठसठशीत नाहीत. सह्याद्रीच्या ओल्या पट्ट्यातल्या मलबारी उपजातीचं डोकं जास्त तांबूस असतं, शेपटीही थोडी आखूड.

डोक्यावर तुरे दिसले तर तो पिंगळा नव्हे. बहुधा स्कॉप्स जातीचं छोटं घुबड असेल. ते झाडाच्या सालीशी असं मिसळून बसतं की बोट दाखवूनही शेजाऱ्याला दिसत नाही. चेहरा पांढरा, बदामाच्या आकाराचा आणि डोळे काळे असतील तर ते गव्हाणी घुबड. शहरातल्या जुन्या इमारतींत ते पिंगळ्याच्या शेजारीच राहतं, पण आकाराने बरंच मोठं असतं.

आता एक गोष्ट जवळून बघा. तुम्ही पिंगळ्याकडे टक लावली की तोही तुमच्याकडे टक लावतो. मग अंग झटकन खाली घेतो, वर करतो, डोकं डावीकडे, उजवीकडे, पुन्हा खाली. लहान मुलं याला पिंगळा नाचतो म्हणतात. घुबडाचे डोळे खोबणीत पक्के बसलेले असतात, आपल्यासारखे फिरवता येत नाहीत. म्हणून मान फिरवावी लागते, आणि ती सुमारे २७० अंशांपर्यंत वळते. आपल्या मानेत ७ मणके, घुबडाच्या मानेत १४. डोकं वरखाली, आजूबाजूला हलवून तो तुम्हाला वेगवेगळ्या कोनांतून बघतो आणि तुम्ही नेमके किती लांब आहात याचा अंदाज घेतो. हे डोलणं सुरू झालं की समजा, तुम्ही पुरेसे जवळ आलात. आणखी पुढे जाऊ नका.

नाव एक, घराणी दोन

इथे थोडं वर्गीकरण समजून घ्यायला हवं, कारण नावाने फार गोंधळ होतो.

जगात घुबडांच्या सुमारे अडीचशे जाती आहेत आणि त्यांची दोनच कुळं. एक गव्हाणी घुबडाचं, दुसरं बाकी सगळ्यांचं. आपले पिंगळे या दुसऱ्या कुळात येतात. मराठीत आपण छोट्या, बिनतुऱ्याच्या घुबडाला सरसकट पिंगळा म्हणतो. इंग्रजीतही 'आउलेट' हा शब्द असाच सैल वापरतात. पण ठिपकेवाला आणि जंगली हे सख्खे भाऊ नाहीत.

ठिपकेवाला पिंगळा 'अथेनी' या प्रजातीतला. ग्रीकांच्या अथेना देवीचं जे घुबड, युरोपातलं 'लिटल आउल', त्याचा हा जवळचा नातलग. ग्रीसच्या एक युरोच्या नाण्यावर तेच घुबड आहे. ते चित्र कधी बघितलंत तर आपल्या पारावरच्या पिंगळ्याचीच आठवण येईल. जंगली पिंगळा मात्र 'ग्लॉसिडियम' या प्रजातीतला. इंग्रजीत ज्यांना 'पिग्मी आउल' म्हणतात ती ठेंगणी घुबडं याच घराण्यातली. युरोपच्या थंड सूचिपर्णी जंगलांत राहणारा पिग्मी आउल फक्त १५ ते १९ सेंटिमीटरचा असतो, तरी जवळजवळ स्वतःएवढे पक्षी मारतो आणि हिवाळ्यासाठी झाडाच्या ढोलीत शिकारीचा साठा करून ठेवतो.

या घराण्याची एक खोड नवशिक्याच्या फार कामाची आहे. ही घुबडं पक्की निशाचर नाहीत. गव्हाणी घुबडाचा चेहरा तबकासारखा असतो, तो आवाज गोळा करून कानापर्यंत पोचवतो. ग्लॉसिडियम मंडळींत हे तबक फारसं विकसित झालेलं नाही. ती नजरेवर जास्त भिस्त ठेवतात आणि पहाटे, तिन्हीसांजेला, ढगाळ दिवशी तर भर दुपारीही शिकार करतात. म्हणून जंगली पिंगळा बघायला रात्रीचं जंगल तुडवायची गरज नाही.

हिमालयात ट्रेकला जाणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी एक सांगून ठेवतो. तिथे 'कॉलर्ड आउलेट' नावाचा चिमुकला पिंगळा आहे. त्याच्या मानेच्या मागच्या बाजूला दोन काळे डाग असतात, थेट डोळ्यांसारखे. पाठमोरा बसला तरी तो आपल्याकडेच बघतोय असं वाटतं. पूर्वी त्यालाही ग्लॉसिडियममध्ये धरत, आता वेगळा काढला आहे. वर्गीकरण अशा रीतीने हलत राहतं. म्हणून वहीत इंग्रजी किंवा शास्त्रीय नावाबरोबर वर्णनही लिहीत जा.

मराठी नावांचा आणखी एक गुंता आहे. 'रानपिंगळा' आणि 'जंगली पिंगळा' ऐकायला एकच, पण वर्तमानपत्रांत 'रानपिंगळा' म्हणून ज्याच्या बातम्या येतात तो 'फॉरेस्ट आउलेट', सातपुड्याकडचा दुर्मीळ पक्षी. आपल्या राधानगरीतला तो नव्हे. त्याच्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

कान तयार करा

पिंगळे बघण्यापेक्षा ऐकूच जास्त येतात. ठिपकेवाल्याचा आवाज म्हणजे सरळ भांडण. 'चिरुर्र-चिरुर्र-चिरुर्र' असं कर्कश सुरू होतं, मग 'चीवाक-चीवाक', आणि एकाने सुरुवात केली की दुसरा मध्येच तोंड घालतो. घराच्या पत्र्यावर दोन मांजरं भांडताहेत असं वाटून लोक उठून दिवा लावतात. अंगणात पिंगळा बोलला म्हणजे काहीतरी वाईट होणार, हे आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं. प्रत्यक्षात ती एक जोडी आपल्या हद्दीची हाकाटी देत असते. शेजारच्या झाडावर दुसरी जोडी आहे, एवढाच त्याचा अर्थ.

या पक्ष्याचं नाव धारण करणारी माणसंही आपल्याकडे आहेत. पहाटेच्या अंधारात कुडमुडं वाजवत दारोदार येणारा पिंगळा जोशी. पिंगळ्याची भाषा कळते म्हणून तो भविष्य सांगायचा. माझ्या आजीने त्याला कधी रिकाम्या हाताने पाठवलं नाही, सूपभर जोंधळे घालायची. पक्षी आणि माणूस दोघंही पहाटेचे, दोघांचं बोलणं झोपेतून जागं करणारं. नावाच्या या जवळिकीचं मला फार अप्रूप वाटतं.

जंगली पिंगळ्याचा सूर अगदी वेगळा. 'काओ… काओ… काओ-कुक, काओ-कुक, काओ-कुक' अशी संथ सुरुवात, मग लय वाढत जाते आणि शेवटी आवाज विरून जातो. दरीत हा आवाज घुमला की पक्षी दोनशे पावलांवर आहे की पन्नास, ते कळत नाही. अशा वेळी आवाजामागे धावू नका. उभे राहा, दोन्ही तळहात कानामागे ओंजळीसारखे धरा आणि हळूहळू वळा. जिथे आवाज सगळ्यात स्पष्ट येतो त्या दिशेची मधल्या उंचीवरची, निष्पर्ण फांदी शोधा. पिंगळा बहुधा तिथे सरळ ताठ बसलेला असेल.

भारतीय स्कॉप्स घुबड मात्र एकच अक्षर बोलतं, तेही 'वक?' असं हळुवार, काहीतरी विचारल्यासारखं. एकदा कानात बसलं की विसरणार नाही.

पश्चिमेला जायचं तेव्हा

घरच्या झाडाची चार-सहा महिने ओळख झाली की मग जंगली पिंगळ्याकडे वळा. आपला जिल्हा या बाबतीत नशीबवान आहे. शिरोळ-हातकणंगल्याची मोकळी काळी रानं आणि गगनबावड्याचा धो-धो पाऊस, दोन्ही एकाच जिल्ह्यात. एका दिवसात तुम्ही दोन्ही पिंगळ्यांच्या मुलखातून जाऊन येऊ शकता. ठिपकेवाला माणसाच्या वस्तीला, शेताला, बागेला चिकटून राहतो. जंगली पिंगळ्याला झाडी लागते: पानगळीची, निमसदाहरित, मधून मोकळी ठिकाणं असलेली. उसाच्या फडाने जिथे जंगल मागे रेटलं, तिथे जंगली पिंगळा मागे हटतो आणि ठिपकेवाला पुढे येतो. राधानगरीच्या रस्त्याने जाताना ही सरहद्द कुठे येते ते बघत जा.

राधानगरी अभयारण्य १९५८ मध्ये दाजीपूरच्या गव्यांसाठी सुरू झालं. आज त्याचं क्षेत्र सुमारे ३५१ चौरस किलोमीटर आहे आणि २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचा समावेश आहे. पावसाळ्यात पर्यटकांना प्रवेश बंद असतो. इतर वेळच्या प्रवेशाच्या वेळा आणि नियम निघण्याआधी वन विभागाच्या नाक्यावर विचारून घ्या. माझ्या मते फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ उत्तम. पानं गळालेली असतात, जंगली पिंगळ्याचा विणीचा हंगाम जवळ आलेला असतो आणि तो जास्त बोलतो.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. घुबडाच्या नादात अंधारात एकटे जंगलात शिरू नका. इथे गवा आहे, अस्वल आहे. पहाटेच्या धुक्यात गवा वीस पावलांवर उभा असला तरी दिसत नाही, आणि बिथरलेल्या गव्यासमोर पळून उपयोग नाही. जंगली पिंगळा सकाळी आठ-नऊलाही बोलतो. उजाडू द्या, रस्त्याच्या कडेने चाला, स्थानिक वाटाड्या बरोबर घ्या. मळके, हिरवट कपडे घाला. अत्तर नको, फोन बंद.

अभयारण्यात जायला जमत नसेल तर पन्हाळा-जोतिबाच्या बाजूची झाडी आहे, आंबा घाट आहे. शहरातच राहून सराव करायचा तर शिवाजी विद्यापीठाचा आठशे एकरांहून मोठा परिसर आहे. मुंबई-पुण्याच्या मित्रांना हेवा वाटावा अशी ती जागा आहे.

झाडाखालची गोळी

हे काम नवशिके टाळतात, आणि मला नेमकं हेच सगळ्यात आवडतं.

पिंगळा शिकार मोठ्या घासांनी गिळतो. हाडं, केस, किड्यांची कडक कवचं पचत नाहीत, ती पोटात गोळा होऊन तोंडावाटे बाहेर पडतात. त्याला पेलेट म्हणतात. ठिपकेवाल्याच्या बसायच्या जागेखाली बोटाच्या पेराएवढ्या, करड्या, कोरड्या गोळ्या सापडतील. विष्ठा नव्हे, वासही फारसा येत नाही. तरी हातमोजे घाला, तोंडावर रुमाल बांधा, आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवा.

पांढऱ्या कागदावर गोळी ठेवा, दोन थेंब कोमट पाणी टाका आणि दोन टाचण्यांनी अलगद उकला. आंब्याखालच्या त्या जोडीची एक गोळी मी अशी उकलली होती. आधी भुंगेऱ्यांच्या पंखांची कवचं निघाली, काळी आणि चकाकणारी, नखाच्या तुकड्यांसारखी. मग नाकतोड्याची तंगडी, करवतीसारखे दात असलेली. आणि मधोमध केसांच्या पुंजक्यात गुंडाळलेली उंदराची कवटी, करंगळीच्या नखाएवढी, पुढचे दोन दात अजून पिवळे-नारिंगी. त्या दिवशी काकांच्या उसाची राखण कोण करतं ते मला कळलं. मी तो कागद तसाच नेऊन त्यांना दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ह्यो तर आमचा बिनपगारी गडी झाला की."

त्यानंतर त्यांनी त्या बांधावर उंदराचं औषध टाकणं बंद केलं. विष खाल्लेला उंदीर सुस्त होतो, पिंगळ्याला सहज सापडतो, आणि ते विष पिंगळ्याच्या पोटात जातं. घराशेजारी पिंगळे असतील तर विषाऐवजी सापळा लावा.

वहीत जे दिसलं तेच

तारीख, वेळ, जागा, झाड, किती पक्षी, काय करत होते, आवाज. एवढं पुरे. खात्री नसेल तर 'पिंगळा, जात कळली नाही' असं लिहा. त्यात कमीपणा काहीच नाही. आणि हे मी एवढं आग्रहाने का सांगतो, त्यामागे आपल्याच महाराष्ट्रातली एक खरी हकीकत आहे.

फॉरेस्ट आउलेट, म्हणजे तो सातपुड्याकडचा रानपिंगळा, याचं वर्णन अ‍ॅलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये केलं. पुढच्या काही वर्षांत मोजून सात नमुने, म्हणजे पेंढा भरून जतन केलेले पक्षी, जमा झाले. १८८४ नंतर तो कुणालाच खात्रीने सापडला नाही. मधल्या काळात रिचर्ड माइनर्ट्झहागन या नावाजलेल्या ब्रिटिश संग्राहकाच्या संग्रहात एक नमुना होता, त्यावर गुजरातमधलं ठिकाण आणि १९१४ साल लिहिलेलं. त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून लोक भलत्याच जागी शोधत राहिले. अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा उघड झालं की तो जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात १८८०च्या दशकात गोळा केलेला पक्षी होता. ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला, पुन्हा भरलेला, नवी खोटी चिठ्ठी लावलेला. खोटी नोंद बाजूला सारून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट खऱ्या जुन्या जागांवर गेले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आजच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ तो पक्षी भर उजेडात फांदीवर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी.

नंतर मेळघाट, यावल, तानसा अशा ठिकाणीही तो आढळला. २०१८ मध्ये धोक्यातल्या जातींच्या जागतिक लाल यादीत त्याची श्रेणी 'अतिसंकटग्रस्त'वरून 'संकटग्रस्त' झाली. दिसायला तो ठिपकेवाल्याच्या जवळचा, २३ सेंटिमीटरचा, पण डोकं मोठं आणि जवळजवळ बिनठिपक्याचं, छातीवर गडद तपकिरी पट्टा, पोट आणि पाय पांढरेशुभ्र. कोल्हापुरात कुणी "रानपिंगळा दिसला" म्हणालं तर आधी टाळू बघा, मग छाती. बहुतेक वेळा तो ठिपकेवालाच निघतो. खात्री नसताना दुर्मीळ नाव वहीत लिहू नका.

घरट्यापाशी

ठिपकेवाल्याची वीण आपल्याकडे हिवाळ्यापासून एप्रिलपर्यंत चालते. ढोलीत किंवा भिंतीच्या भोकात तीन-चार पांढरी, गोलसर अंडी. मादी पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसते, त्यामुळे पिल्लं मागेपुढे जन्मतात आणि एकाच ढोलीत लहान-मोठी दिसतात. या काळात ढोलीसमोर तासन्‌तास उभं राहू नका. फ्लॅश नको, डोळ्यांत बॅटरी नको, ढोलीत काठी किंवा मोबाइल घालणं तर मुळीच नको.

मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं हा प्रकार हल्ली फार वाढला आहे. मीही सुरुवातीला एकदा केला. आवाज वाजवल्याबरोबर नर धावून आला, माझ्या डोक्याभोवती घिरट्या घातल्या, आणि पुढचा अर्धा तास त्या न दिसणाऱ्या परक्या नराला शोधत राहिला. चोचीतला किडा त्याने कधीच टाकून दिला होता. ढोलीत पिल्लं भुकेने चिरचिरत होती, ती मला खालपर्यंत ऐकू येत होती. त्या दिवसापासून मी तो आवाज फोनमधून काढून टाकला. तुम्ही तो घेऊच नका.

घरट्याची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. घुबडांची चोरटी विक्री होते, अघोरी विधींसाठी, विशेषतः दिवाळीच्या सुमारास. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली पिंगळा पकडणं, बाळगणं, विकणं हा गुन्हा आहे. असं काही दिसलं तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

आणि उन्हाळ्यात एक प्रसंग तुमच्यावर नक्की येईल. शेजारचं एखादं पोर पुठ्ठ्याच्या खोक्यात पिंगळ्याचं पिल्लू घेऊन येईल, "काका, हे खाली पडलं होतं." घाबरू नका. दूध, चपाती, भिजवलेली डाळ यातलं काही देऊ नका. जखम आहे का, पंख लोंबतोय का, मुंग्या लागल्या आहेत का ते बघा. तसं काही असेल तर १९२६ ला फोन करा. पिल्लू धडधाकट असेल तर ते अनाथ नाही. उडायला शिकताना पिल्लं अशी पडतातच. मऊ फडक्यात अलगद धरा, ज्या झाडाखाली सापडलं त्याच झाडाच्या ढोलीत ठेवा. ढोली हाताला येत नसेल तर कुत्र्या-मांजराला न पोचणाऱ्या फांदीवर. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकून देते, हे खरं नाही. मग सगळ्या पोरांना घेऊन लांब जा आणि कोपऱ्यावरून बघा. तुम्ही झाडाखाली उभे आहात तोवर ती खाली येणार नाही. अंधार पडला की येईल, चोचीत काहीतरी घेऊन.